किल्ल्यावरचे पाणी, किल्ल्यावरची दारू

दोन महिन्यांमागे या पानावर गोव्यातल्या आग्वाद किल्ल्यावरच्या पाण्याच्या टाक्याबद्दल चार ओळी लिहिल्या, तेव्हापासून किल्ल्यांविषयीच पत्रे येताहेत. आधीच सांगून टाकतो, मी इतिहास शिकलेला माणूस नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कामावर ओव्हरसियर होतो. टाक्या, नळ, गळती यांत जन्म गेला. निवृत्तीनंतर किल्ले बघायचा नाद लागला, पण डोळे जुनेच राहिले. किल्ल्यात शिरलो की मी तोफ बघत नाही, पाणी कुठून आले आणि कुठे गेले ते बघतो. उत्तरेही त्याच वळणाची येतील, चालवून घ्या.

काका, माझा मुलगा सहावीत आहे. त्याला मध्ययुगातल्या कॅसलवर प्रकल्प करायचाय. मी म्हटले, रेइश मागूशचा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे, तोच दाखवू. तर बाई म्हणाल्या, तो कॅसल नव्हे. मग तो काय आहे?
– एक आई, वेरे

बाईंचे खरे आहे, बाय. कॅसल म्हणजे आधी घर, मग किल्ला. सरदार, त्याची बायकापोरे, आचारी, मोतद्दार, कोठारातले धान्य, सगळे एका तटाच्या आत. रेइश मागूश पोर्तुगिजांनी १५५१ मध्ये बांधला तो मांडवी नदीच्या तोंडावर तोफा ठेवायला. लिस्बनहून येणारे-जाणारे व्हाइसरॉय तिथे मुक्काम करत, पण संसार मांडायला कुणी राहिले नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर कॅसल हा तटबंदीचा वाडा, आणि रेइश मागूश हा नाका.

पण मुलाला कॅसलच काढायचा असेल तर त्याला इंग्लंडमधल्या रोचेस्टरचा काढायला सांगा, कारण त्यात गंमत आहे. त्याच्या मुख्य बुरुजाला चार कोपरे, तीन चौकोनी आणि एक गोल. १२१५ साली जॉन राजाने आपल्याच बंडखोर सरदारांना त्यात कोंडले. दगड फेकून भिंत पडेना, तेव्हा कोपऱ्याच्या पायाखाली बोगदा खणला, वर लाकडाचे टेकू दिले आणि हुकूम सोडला की चाळीस डुकरे पाठवा, सगळ्यांत चरबीवाली, खायला चालत नाहीत तसली. त्या चरबीने टेकू पेटवले, कोपरा खाली बसला. पुढे दुरुस्ती करताना तो गोल बांधला, कारण चौकोनी कोपऱ्याखालचा पाया पोखरायला सोपा, हे तोवर सगळ्यांना कळून चुकले होते. वर्गात डुकरांची गोष्ट सांगितली तर मुलाला पैकीच्या पैकी मिळतील.

तोफ आल्यावर डुकरांचे काम संपले. उंच सरळ भिंत म्हणजे गोळ्याला आयते निशाण. म्हणून पुढचे किल्ले बसके, जाड, उतरत्या भिंतींचे झाले आणि बुरूज बाणाच्या टोकासारखे पुढे काढले. गोल बुरुजाच्या अगदी पायाशी एक तुकडा असा राहतो की शेजारच्या बुरुजावरून तो दिसत नाही, तिथे शत्रू निवांत बसून खणू शकतो. टोकदार बुरुजाला तसा आडोसा उरत नाही, त्याची दोन्ही अंगे शेजारच्यांच्या माऱ्यात येतात. पुढच्या रविवारी मुलाला आग्वादच्या वरच्या किल्ल्यात न्या आणि एका बुरुजावर उभा करून विचारा, शेजारच्या बुरुजाची भिंत किती दिसते? पुस्तकातली चार पाने वाचायचे कष्ट वाचतील.

आणि एक. सिनेमात तटावर हजार माणसे उभी असतात ना, ते विसरा. वेल्समधला कॉन्वी केवढा अजस्र, पण १२८४ च्या हुकुमात तिथली शिबंदी फक्त तीस माणसांची. त्यांतले पंधरा क्रॉसबोवाले, उरलेल्यांत धर्मगुरू, सुतार, लोहार, गवंडी, दरवान. गवंडी आणि सुतार यादीत आहेत, हे मला फार आवडते.

आग्वादच्या टाक्यात चोवीस लाख गॅलन पाणी मावायचे असे तिथला गाइड सांगतो. एवढे पाणी किल्ल्यातल्या शिपायांना कशाला हवे? थाप तर नव्हे?
– एक हॉटेल कर्मचारी, कांदोळी

थाप नव्हे. आकडा २३,७६,००० गॅलन असा दिला जातो. आतमध्ये सोळा खांब आहेत, त्यांवर कमानी, आणि वर आपण चालतो ते अंगण. तुमचा प्रश्न मात्र अगदी नेमका आहे. तो मला वीस वर्षे छळत होता, शेवटी एका दुपारी कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब मांडला.

इंग्रजी गॅलन धरला तर हे झाले सुमारे १ कोटी ८ लाख लिटर. समजा किल्ल्यावर दोनशे माणसे. प्यायला-रांधायला माणशी पाच लिटर. ऑक्टोबर ते मे म्हणजे २४० दिवस. किती झाले? २ लाख ४० हजार लिटर. म्हणजे शिपायांच्या गरजेच्या पंचेचाळीस पट पाणी. अंघोळी, जनावरे, गळती, सगळे धरले तरी हिशोब बसत नाही. मी ओव्हरसियर असताना कुणी एवढ्या मोठ्या टाकीचा आराखडा आणला असता तर परत पाठवला असता.

बसतो कधी, तर जहाजे धरली की. गोव्याहून लिस्बनला सहा महिने लागायचे. जहाजावर तीनशे माणसे आणि माणशी चार लिटर धरा, एका जहाजाला दोन लाखांवर लिटर लागले. नावातच उत्तर आहे, आग्वाद म्हणजे पाणी भरायची जागा. डोंगराचे झरे होतेच, त्यांवरच गलबते पाणी भरत. १६०९ ते १६१२ या काळात किल्ला उठला तो डचांच्या भीतीने, म्हणजे डचांना मांडवीत शिरू द्यायचे नाही आणि पाणीही भरू द्यायचे नाही. मी त्याला तोफा लावलेली पाणपोई म्हणतो. आमच्या एका इतिहासवाल्या मित्राला हे अजिबात आवडत नाही.

हे टाके नुसत्या पावसाने भरता येईल का, तेही पाहिले. पणजीत वर्षाला साधारण तीन मीटर पाऊस. थेंब न सांडता गोळा केला तर ३,६०० चौरस मीटर जागा पुरे, एक एकरही नाही. सांडलवंड, बाष्प धरून दीड एकर म्हणा. आभाळ आपल्याकडे एवढे देते, आणि मार्चमध्ये तुमच्या-आमच्या दारात टँकर उभा असतो. असो.

याच टाक्याच्या भोवती खंदक आहे, तो मात्र कोरडा. मगरी वगैरे काही नव्हत्या. जांभा दगड चाळणीसारखा, पाणी धरतच नाही. टाके धरते ते आतल्या चुन्याच्या गिलाव्यामुळे. आणि कोरड्या खंदकाचे काम वेगळे. उतरणारा माणूस खाली अडकतो, वरून दिसतो, पळायला जागा नाही.

आजोबा, शत्रू तटावर चढला की वरून उकळते तेल ओतायचे ना? आमच्या फोंड्याच्या किल्ल्यावर ओतले होते का?
– इयत्ता आठवी, फोंडा

अरे पुता, तुझ्या आईला विचार, खोबरेल तेलाची बाटली केवढ्याला येते. तेव्हाही तेल काही फुकट नव्हते. युरोपातसुद्धा तेल ओतल्याच्या नोंदी विरळाच. ओतायचे ते उकळते पाणी, तापलेली वाळू, चुना आणि मुख्य म्हणजे दगड. तापलेली वाळू चिलखताच्या फटीतून आत शिरली की माणूस चिलखत काढायला बसतो, मग लढणार कोण? वाळू मोफत, दगड मोफत.

तुझ्या किल्ल्याची गोष्ट तेलापेक्षा चांगली आहे. मूळ ठाणे आदिलशाही, शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये जिंकले. नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर स्वतः तोफा घेऊन चालून आला. महिना लक्षात ठेव. पाऊस सरला, चिखल वाळला, तोफगाडे चालू लागले, मगच लढाई. तोफांनी तटाला खिंडार पाडले, तरी आत शिरता आले नाही. येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी त्या खिंडाराशी लढले. संभाजीराजे कुमक घेऊन पोचले आणि व्हाइसरॉयने वेढा उठवला. पुढे किल्ला पुन्हा बांधला, त्याचे नाव मर्दनगड. त्याच महिन्याच्या २४ तारखेला मराठे रात्री ओहोटी साधून जुवे बेटावर चढले. आमचे भरती-ओहोटीचे कोष्टक म्हणजे मासे पकडणाऱ्यांचेच काम, असे तुला वाटत असेल तर वाटू दे.

प्रश्न विचारायला लाज वाटते, म्हणून नाव देत नाही. किल्ल्यावर शौचाला कुठे जायचे?
– निनावी, मडगाव

लाज कसली? माझे अर्धे आयुष्य त्याच विषयात गेले. युरोपच्या कॅसलमध्ये भिंतीच्या जाडीत कोनाडा, त्यात दगडी बैठक, खाली सरळ खंदकात. खंदकाचे पाणी पवित्र नव्हते, एवढे समजून घ्या. आपल्याकडे रायगडावर, सिंधुदुर्गाच्या तटातही शौचकूप बांधलेले आहेत, जरूर बघा. ढाळ किती नेमका काढलाय! उरलेले लोक रानात जात.

पावसाळ्यात गडावर दारू कशी सांभाळत? आमच्याकडे आषाढात काडेपेटीसुद्धा पेटत नाही.
– एक दुकानदार, डिचोली

आधी खुलासा. गोव्याच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये, ही बंदुकीची दारू. दुसरीला पावसाळ्यात काही होत नाही.

बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, त्यात सोरा पाऊण हिस्सा. सोरा नीट धुतलेला नसला तर हवेतले पाणी ओढतो, जुलैत तुमच्या मिठाच्या बरणीचे होते तसेच. ओली दारू पेटत नाही, पेटलीच तर फुसकी. अन् नुसती दारू नव्हे, तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागते, तीही भिजते. आमच्या किनाऱ्यावर चार महिने लढाया बंद पडायच्या त्यात आळसाचा भाग नव्हता. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध, त्यामुळे जहाजांचीही तेव्हा वाट बंद. आग्वादच्या पहारेकऱ्याला त्या दिवसांत शत्रू एकच, गळके कौलारू छप्पर.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, यावर सूचना आहेत. मी त्या वाचल्या तेव्हा वाटले, हा माणूस आमच्या खात्यात हवा होता. दारूखाना घरांजवळ नको. तळघर करा, आत चुन्याचा गच्च करा, त्यावर माच घाला, दारूची मडकी माचावर ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका. ओल लागू देऊ नका. आणि हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी स्वतः येऊन दारू, बाण, होके म्हणजे दारू भरलेले फेकायचे गोळे, बाहेर काढून उन्हात घालावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. आपल्या बायका पापड-सांडगे, आमसुले, सुके बांगडे गच्चीवर घालतात, कावळे हाकतात, ढग आला की धावत जाऊन गोळा करतात. डोळ्यांपुढे आणा, तसाच एक हवालदार, फक्त ताटात दारू. श्रावणात चार दिवस ऊन पडले नाही की त्याच्या पोटात काय गोळा येत असेल.

पाण्याचेही त्याच पत्रात आहे. आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा. झरा आहे म्हणून गाफील राहू नका, टाकी खोदा, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. आवाजाने झरा आटतो का हा वाद माझ्याशी घालू नका. सुरुंगाच्या हादऱ्याने जांभ्याच्या भेगा सरकून विहीर कोरडी पडलेली मी खाणीजवळच्या गावात पाहिली आहे. राखीव टाकी पाहिजे, हे मात्र शंभर टक्के.

शापोरा किल्ल्यातून नदीच्या पोटातून पलीकडे मोरजीला भुयार निघते असे आमचे आजोबा सांगत. खरे का?
– एक वाचक, शिवोली

तुमच्या आजोबांना नमस्कार. गोव्यातल्या प्रत्येक किल्ल्याला असे भुयार आहे आणि प्रत्येकात कुणाचे तरी कुत्रे सोडले होते, ते पलीकडे निघाले. मी एकच विचारतो, पंप कुठे होता? नदीच्या पाण्याखाली खणलेले भोक जांभ्यात चोवीस तासांत भरते. आमच्या वीस फुटी विहिरीवर दोन पंप लावूनही गवंडी कमरेएवढ्या पाण्यात उभे असत.

चोरवाटा होत्या, नाही कोण म्हणतो? आज्ञापत्रच सांगते की गडाला एकच दरवाजा हा मोठा दोष, म्हणून चोरदिंड्या ठेवाव्यात. पण दिंडी म्हणजे वाकून जायचे भोक, तटाच्या पलीकडच्या झाडीत उघडणारे. तेवढे पुरे. शापोरा १७३९ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी घेतला तेव्हा सगळा बारदेश गेला, राहिले फक्त आग्वाद आणि रेइश मागूश. माझ्या मते ते भुयारामुळे नव्हे, मागच्या दाराशी नदी आणि नदीवर आपली होडकी होती म्हणून राहिले. होडके हेच खरे भुयार.

खोर्जुव्याच्या किल्ल्यावर उर्सुला नावाची बाई पुरुषाच्या वेशात शिपाई होती म्हणतात. एवढ्या जवळ राहून कुणाला कसे कळले नाही? तुमचे मत काय?
– एक शिक्षिका, हळदोणे

उर्सुला ई लांकास्त्र असे तिचे पूर्ण नाव सांगतात. वेश बदलून भरती झाली, लढली, पुढे गुपित फुटले, अशी गोष्ट. मी गोष्टीवर मत देत नाही, जागेवर देतो. आता तारांच्या पुलावरून स्कूटरने पाच मिनिटांत तिथे जाता येते. १७०५ मध्ये पोर्तुगिजांनी नव्याने उभारलेले, चिऱ्याचे, चार बुरुजांचे ठाणे. तटावरून एक फेरी मारायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही.

मी एकदा ऑक्टोबरात तिथे दुपारभर बसलो होतो, मुद्दाम, काही न करता. म्हटले पहाऱ्यावरच्या माणसाला काय दिसते ते बघू. पहिला तास नदी बघितली. दुसऱ्या तासाला तटाच्या फटीतल्या मुंग्या मोजल्या. तिसऱ्या तासाला समोरच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, कोण बाई कुणाशी भांडते आहे ते मला नीट कळायला लागले. मग शेजारी झोपणाऱ्या शिपायाचे काय कळणार नाही, सांगा! तेव्हा ताई, मला वाटते, कळले असणार. दोघाचौघांना नक्की कळले असणार, आणि ते गप्प बसले असणार. पहारा चांगला करणारा गडी कुणाला नको असतो?

आमच्या वाड्याजवळ जुन्या ठाण्याचा पडका तट आहे. त्यावर पिंपळ उगवलाय. पोरे म्हणतात उपटून सिमेंट भरू. करावे का?
– एक पंचसदस्य, पेडणे

नको, नको, नको. आधी राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा, तट संरक्षित असेल तर हात लावणेही गुन्हा. पोरांना एवढे सांगा. पिंपळाची मुळे आत हातभर गेलेली असतात, चिऱ्यांना बिलगून. वरून उपटले की चार चिरे सोबत येतात.

सिमेंटचे मला विचारा. नोकरीच्या सुरुवातीला एका टेकडीवरचे जुने चुन्याचे टाके गळत होते. गाव, खाते काही सांगत नाही, चूक माझीच. सोबतच्या म्हाताऱ्या गवंड्याने नाण्याने भिंत ठोकून दाखवली. बद्द आवाज आला तिथे गिलावा सुटलेला, खण्ण वाजले तिथे धरून बसलेला. म्हणाला, साहेब, सुटलेले तेवढेच काढू, शिंपल्यांचा चुना भिजत घालू, पंधरा दिवस द्या. मला पंधरा दिवस नव्हते, डिप्लोमा होता. सरसकट सिमेंट मारले. दोन पावसाळ्यांनी सिमेंटचा पापुद्रा ताटाएवढ्या तुकड्यांनी सुटला आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीला दोन-दोन बोटे जांभा चिकटलेला. ओल जांभ्यात अडकून बसली होती, बाहेर यायला वाट नव्हती. गळती आधी बोटाएवढी होती, नंतर मनगटाएवढी. म्हातारा काही बोलला नाही. चुना भिजत घालायला गेला.

तट संरक्षित नाही असे खात्याने कळवले, तर त्यांचा माणूस येईपर्यंत पिंपळ वाढू देऊ नका. बुंधा तटाशी समतल छाटा, फुटवा आला की पुन्हा छाटा, उपटू मात्र नका. फटीत माती साचली असेल तर हाताने काढा. आणि गुरे तटाला बांधत असाल तर ती आजच सोडा.